फॅमिली डॉक्टर सेवेत का टिकतात, का सोडून जातात?

ब्रिटनमध्ये प्राथमिक आरोग्यसेवेचा कणा मानल्या जाणाऱ्या जनरल प्रॅक्टिशनर अर्थात ‘जीपी’ डॉक्टरांना सेवेत टिकवून ठेवणे हा गेल्या दशकभरात तेथील सरकारांपुढील सर्वांत अवघड प्रश्नांपैकी एक ठरला आहे. नव्या डॉक्टरांच्या भरतीच्या घोषणा वारंवार झाल्या. परंतु अनुभवी डॉक्टर वेळेआधी बाहेर पडत राहिल्याने किंवा कामाचे तास कमी करत राहिल्याने त्या घोषणांचा अपेक्षित परिणाम दिसला नाही. वेतन, निवृत्तिवेतन आणि कर हे या प्रश्नाचे ठळक दिसणारे पैलू आहेत. मात्र डॉक्टर राहतो की जातो, हे ठरण्यात त्याच्या मनोवस्थेचा वाटा मोठा असतो, असे गेल्या दोन दशकांतील संशोधनातून पुढे आले आहे. कामावरील ताबा, श्रमांची कदर, तक्रारींची भीती, सहकाऱ्यांचा आधार आणि रुग्णांशी जुळलेले नाते हे त्यातील प्रमुख घटक होत. त्या संशोधनाचा आणि त्यातून भारतासाठी निघणाऱ्या अर्थाचा हा आढावा.

एकच डॉक्टर असण्याचे मोल

डॉक्टर टिकणे हा केवळ मनुष्यबळाचा हिशेब नाही. त्याचा थेट संबंध रुग्णाच्या आयुर्मानाशी असल्याचे पुरावे आता उपलब्ध आहेत.

नॉर्वेमध्ये २००१ पासून प्रत्येक नागरिकाला ठरावीक फॅमिली डॉक्टर देण्याची योजना आहे. तेथील सुमारे ४५ लाख नागरिकांच्या नोंदींवर आधारित अभ्यास २०२१ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ जनरल प्रॅक्टिस’ने प्रसिद्ध केला. एकाच डॉक्टरकडे १५ वर्षांहून अधिक काळ जाणाऱ्या रुग्णांची तुलना त्यात एक वर्षाचाच संबंध असलेल्या रुग्णांशी करण्यात आली. दीर्घकाळ एकच डॉक्टर असलेल्यांमध्ये मृत्यूची शक्यता सुमारे २५ टक्क्यांनी, तातडीने रुग्णालयात दाखल होण्याची शक्यता सुमारे २८ टक्क्यांनी आणि अवेळी सेवा घेण्याची शक्यता सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळली. त्याआधी २०१८ मध्ये सर डेनिस परेरा ग्रे आणि सहकाऱ्यांनी विविध देशांतील २२ अभ्यासांचा आढावा घेतला होता. त्यांपैकी १८ अभ्यासांत उपचारांतील सातत्य आणि कमी मृत्युदर यांचा संबंध दिसून आला.

डॉक्टर ओळखीचा असेल तर रुग्ण मोकळेपणाने बोलतो. डॉक्टरलाही घरची परिस्थिती, जुनी दुखणी, आधी लागू पडलेली आणि न पडलेली औषधे ठाऊक असतात. डॉक्टर सेवा सोडतो, तेव्हा हे ज्ञान त्याच्यासोबत निघून जाते. नोंदवहीत त्याचा एखादाच अंश उरतो.

ब्रिटनमधील पार्श्वभूमी

ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा, म्हणजेच ‘एनएचएस’, ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. तेव्हापासून जीपी हा या व्यवस्थेचा उंबरठा राहिला आहे. तातडीचे प्रसंग वगळता बहुतांश रुग्ण प्रथम जीपीकडे जातात आणि गरज असल्यास तो त्यांना तज्ज्ञाकडे पाठवतो. बहुसंख्य दवाखाने डॉक्टरांच्या भागीदारीत चालतात. हे भागीदार डॉक्टर सरकारी नोकर नसून एनएचएसशी करार केलेले स्वतंत्र व्यावसायिक असतात. त्यांच्या जोडीला पगारी डॉक्टर आणि गरजेनुसार काही दिवसांपुरते येणारे ‘लोकम’ डॉक्टर काम करतात.

२००४ मध्ये लागू झालेल्या नव्या कराराने या व्यवस्थेत मोठे बदल केले. रात्री-अपरात्रीच्या सेवेची जबाबदारी नाकारण्याची मुभा डॉक्टरांना मिळाली. उत्पन्नाचा काही भाग शंभराहून अधिक गुणवत्ता निकषांशी जोडला गेला. रुग्णाची नोंदणी विशिष्ट डॉक्टरऐवजी दवाखान्याच्या नावे होऊ लागली. हा शेवटचा बदल वरकरणी कारकुनी स्वरूपाचा वाटला, तरी ‘माझा डॉक्टर’ आणि ‘माझा रुग्ण’ हे नाते त्यामुळे कागदोपत्री संपले. २०१४-१५ मध्ये प्रत्येक रुग्णासाठी जबाबदार डॉक्टरचे नाव नोंदवण्याची पद्धत पुन्हा आणली गेली. परंतु रुग्णाची प्रत्यक्ष भेट त्याच डॉक्टरशी होईलच, याची हमी त्यात नव्हती.

मनुष्यबळाच्या आश्वासनांचा इतिहासही बोलका आहे. २०२० पर्यंत इंग्लंडमध्ये आणखी ५,००० डॉक्टर प्राथमिक सेवेत आणण्याची घोषणा तत्कालीन आरोग्यमंत्री जेरेमी हंट यांनी २०१५ मध्ये केली. २०१९ च्या निवडणुकीत हुजूर पक्षाने आणखी ६,००० जीपींचे आश्वासन दिले. हे लक्ष्य गाठण्याच्या मार्गावर सरकार नसल्याचे तत्कालीन आरोग्यमंत्री साजिद जाविद यांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये संसदीय समितीपुढे मान्य केले. पूर्णवेळ कामाच्या हिशेबाने मोजलेली पूर्ण प्रशिक्षित जीपींची संख्या सप्टेंबर २०१५ मध्ये सुमारे २९,४०० होती. २०२३ मध्ये ती साडेसत्तावीस हजारांच्या आसपास आली. या काळात लोकसंख्या आणि वृद्धांचे प्रमाण वाढत गेल्याने एका डॉक्टरमागील रुग्णांची सरासरी संख्या दोन हजारांच्या बरीच पुढे गेली.

निर्णय एका दिवसात होत नाही

डॉक्टर सेवा सोडण्याच्या विचारात आहेत का, याची विचारणा मँचेस्टर विद्यापीठाच्या राष्ट्रीय पाहणीत अनेक वर्षे केली जात आहे. येत्या पाच वर्षांत रुग्णसेवेतून बाहेर पडण्याची दाट शक्यता व्यक्त करणाऱ्यांचे प्रमाण अलीकडच्या फेऱ्यांमध्ये एक-तृतीयांशाच्या आसपास राहिले. पन्नाशी ओलांडलेल्या डॉक्टरांमध्ये ते निम्म्याहून अधिक होते. एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातील दोन हजारांहून अधिक डॉक्टरांची केलेली पाहणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत ३७ टक्के डॉक्टरांनी पाच वर्षांत रुग्णसेवा सोडण्याची दाट शक्यता वर्तवली. कायमचे बाहेर पडणे, काही काळ विराम घेणे किंवा कामाचे तास कमी करणे यांपैकी काही ना काही विचार मनात असलेल्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्के होते.

असा विचार बोलून दाखवणारे सगळेच सेवा सोडत नाहीत. तरीही ही आकडेवारी महत्त्वाची ठरते, कारण मनाने बाहेर पडण्याची प्रक्रिया प्रत्यक्ष राजीनाम्याच्या बरीच आधी सुरू झालेली असते. पन्नाशीच्या आत सेवा सोडलेल्या इंग्लंडमधील जीपींशी बोलून केलेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. एखाद्या मोठ्या घटनेमुळे सेवा सोडल्याचे सांगणारे त्यात थोडे होते. वारंवार बदलणारे नियम, वाढता भार, पटत नसलेली धोरणे, प्रसारमाध्यमांतील टीका आणि दवाखान्यातील आधाराचा अभाव अशी कारणे वर्षानुवर्षे साचत गेल्याचे बहुतेकांच्या कथनातून दिसले. हळूहळू तापत जाणाऱ्या पाण्यातील बेडकाची उपमा या अभ्यासाने त्यासाठी वापरली.

थकव्याचे तीन चेहरे

या विषयावरील चर्चेत सर्वाधिक वापरला जाणारा शब्द म्हणजे ‘बर्नआउट’. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये मोफत दवाखान्यांत काम करणाऱ्या स्वयंसेवकांची अवस्था वर्णन करताना तो रूढ केला. क्रिस्टिना मॅसलॅक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये तो मोजण्याची प्रश्नावली तयार केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या आजारांच्या वर्गीकरणात त्याची नोंद केली. मात्र त्याला आजार न मानता कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ आटोक्यात न आलेल्या ताणातून उद्भवणारी स्थिती मानले.

मॅसलॅक यांच्या मांडणीत बर्नआउटची तीन अंगे आहेत. पहिले भावनिक थकवा. दुसरे कोरडेपणा, म्हणजे समोरचा माणूस न दिसता केवळ ‘केस’ दिसू लागणे. तिसरे आपल्या हातून काही भरीव होत नसल्याची भावना. फॅमिली डॉक्टरच्या बाबतीत दुसरे अंग विशेष घातक ठरते, कारण त्याचे कामच मुळात ओळखीवर आणि आपुलकीवर चालते. थकलेला डॉक्टर स्वतःला वाचवण्यासाठी रुग्णापासून मनाने दूर जातो. त्यामुळे कामातून मिळणारे समाधानही आटते आणि थकवा आणखी वाढतो.

कॉमनवेल्थ फंड या संस्थेने २०२२ मध्ये दहा श्रीमंत देशांतील प्राथमिक सेवेच्या डॉक्टरांची पाहणी केली. ब्रिटनमधील ७१ टक्के जीपींनी आपले काम ‘अतिशय’ किंवा ‘खूप’ तणावाचे असल्याचे सांगितले. जर्मनीसह हे प्रमाण दहा देशांत सर्वाधिक होते.

भार किती, आणि ताबा कोणाचा?

कामाचा भार हे कारण सर्वप्रथम पुढे येते. परंतु भार तेवढाच असूनही एक डॉक्टर टिकतो आणि दुसरा जातो, याचा उलगडा केवळ भारावरून होत नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट करासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेला सिद्धांत येथे उपयोगी पडतो. कामाची मागणी जास्त आणि ते कसे करायचे हे ठरवण्याचा अधिकार कमी, अशा ठिकाणी ताण सर्वाधिक असतो, असे हा सिद्धांत सांगतो. मागणी जास्त असली तरी अधिकार हाती असेल, तर तेच काम आव्हानात्मक वाटू शकते.

ब्रिटनमध्ये जीपीच्या भेटीसाठी पारंपरिकपणे दहा मिनिटे ठरलेली असतात. मधुमेह, गुडघेदुखी आणि नुकताच झालेला वियोग अशा तीन गोष्टी घेऊन आलेल्या वृद्धाला ती पुरत नाहीत, हे डॉक्टरला ठाऊक असते. त्याला थांबवावे तर मन खाते. थांबवले नाही तर बाहेरचे रुग्ण खोळंबतात. दिवसाअखेरीस तपासण्यांचे अहवाल, रुग्णालयांची पत्रे आणि औषधांच्या विनंत्या उरतातच. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने सुरक्षित कामासाठी दिवसाला सुमारे २५ रुग्णभेटींची मर्यादा सुचवली आहे. अनेक ठिकाणी ती ओलांडली जाते.

भागीदारी सोडून ‘लोकम’ होणाऱ्या डॉक्टरांच्या निर्णयामागेही ताब्याचा हाच प्रश्न आहे. काम किती आणि कोणत्या दिवशी करायचे, हे त्यांना पुन्हा स्वतः ठरवता येते. वैयक्तिकदृष्ट्या हा निर्णय समजण्यासारखा आहे. व्यवस्थेच्या दृष्टीने मात्र त्यामुळे डॉक्टरांची संख्या कागदावर टिकते आणि रुग्णाशी असलेले दीर्घकालीन नाते तुटते.

कदर आणि मोबदला

समाजशास्त्रज्ञ योहानेस सीग्रिस्ट यांनी १९९६ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार, घेतलेले श्रम आणि मिळालेला मोबदला यांचा मेळ बसत नाही तेव्हा माणूस आतून खचतो. मोबदल्यात त्यांनी पैशाबरोबरच मान आणि नोकरीची शाश्वती यांचाही समावेश केला होता. जीपींच्या उत्पन्नाची चर्चा वृत्तपत्रांतून होत असते. कोविड साथीनंतर डॉक्टर प्रत्यक्ष भेटत नाहीत, अशी टीका तेथे मोठ्या प्रमाणावर झाली. मुळात साथीच्या काळात दूरध्वनीवरून सल्ला देण्याची सूचना सरकारी यंत्रणेचीच होती. त्यामुळे या टीकेने आपल्या श्रमांवर पाणी फिरल्याची भावना अनेक डॉक्टरांनी व्यक्त केली.

पैशाचा परिणाम होतच नाही, असे मात्र नाही. निवृत्तिवेतनावरील कराच्या मर्यादांमुळे अनेक ज्येष्ठ डॉक्टर लवकर निवृत्ती घेत होते. मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात या मर्यादा शिथिल करण्यात आल्या. अशा उपायाने साठीकडे झुकलेला डॉक्टर आणखी काही वर्षे थांबू शकतो; पस्तिशीत मन उठलेल्या डॉक्टरचा प्रश्न त्याने सुटत नाही.

मनाला न पटणारे काम

योग्य काय हे माहीत असूनही परिस्थितीमुळे ते करता न येणे, यातून होणाऱ्या जखमेला ‘नैतिक आघात’ म्हटले जाते. ही संकल्पना मूळची सैनिकांविषयीची आहे. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या संदर्भात ती मांडली आणि २०१८ पासून ती डॉक्टरांच्या संदर्भातही वापरली जाऊ लागली. थकव्यावर विश्रांतीचा उतारा असतो. या जखमेवर तो चालत नाही, कारण सुटीवरून परतल्यावर तीच परिस्थिती समोर उभी असते.

गरीब वस्त्यांत ही घालमेल अधिक असते. वेल्समधील ग्लिनकॉरूग या खाणकामगारांच्या गावात दीर्घकाळ जीपी राहिलेले डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ‘व्यस्त सेवा नियम’ मांडला. ज्यांना वैद्यकीय सेवेची गरज जास्त, त्यांना ती मिळण्याची शक्यता कमी, असा त्याचा आशय होता. अशा भागांत रुग्णाच्या आजाराचे मूळ बेकारीत, ओल्या भिंतींच्या घरात किंवा एकाकीपणात असते. त्यावर डॉक्टरकडे औषध नसते आणि दहा मिनिटांत ते ऐकूनही घेता येत नाही.

तक्रारीची धास्ती

मँचेस्टरजवळील हाइड येथील जीपी हॅरॉल्ड शिपमन याला १५ रुग्णांच्या हत्येबद्दल जानेवारी २००० मध्ये दोषी ठरवण्यात आले. या प्रकरणाने ब्रिटनमधील डॉक्टरांवरील देखरेखीचा चेहरामोहरा बदलला. डिसेंबर २०१२ पासून डॉक्टरांच्या पात्रतेची नियमित फेरतपासणी सुरू झाली आणि २०१३ पासून दवाखाने केअर क्वालिटी कमिशनच्या निरीक्षणाखाली आले. रुग्णांच्या सुरक्षिततेसाठी देखरेख आवश्यक आहे, याविषयी फारसा वाद नाही. वाद आहे तो तिच्या रीतीविषयी आणि चौकशीच्या लांबणाऱ्या काळाविषयी.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचे प्रा. टॉम बोर्न आणि सहकाऱ्यांनी सुमारे आठ हजार डॉक्टरांची केलेली पाहणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांच्याविरुद्ध नुकतीच तक्रार झाली होती किंवा चौकशी सुरू होती, त्यांच्यात मध्यम ते तीव्र नैराश्याची शक्यता तक्रार न झालेल्यांच्या तुलनेत ७७ टक्क्यांनी अधिक आढळली. तक्रारीच्या धास्तीने अनावश्यक तपासण्या सांगणे, गुंतागुंतीचे रुग्ण टाळणे असे बदल अनेकांनी केल्याचेही त्यात नोंदवले गेले. ही धास्ती डॉक्टरला बाहेर ढकलते आणि जो राहतो त्याच्या कामाचा दर्जाही घटवते.

या प्रश्नाला भारतीय वंशाच्या डॉक्टरांच्या संदर्भात आणखी एक पदर आहे. एनएचएसच्या जडणघडणीत दक्षिण आशियातून गेलेल्या डॉक्टरांचा मोठा वाटा आहे. १९८० च्या दशकात ब्रिटनमधील सुमारे १६ टक्के जीपी दक्षिण आशियात जन्मलेले होते. स्थानिक डॉक्टर जाण्यास नाखूष असलेल्या वेल्सच्या खाणपट्ट्यात आणि औद्योगिक शहरांच्या जुन्या वस्त्यांत त्यांनी दवाखाने चालवले. तरीही ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलच्या पुढाकाराने २०१९ मध्ये तयार झालेल्या ‘फेअर टू रेफर?’ या अहवालात विषम वागणुकीचे चित्र समोर आले. नियोक्त्यांकडून कौन्सिलकडे चौकशीसाठी पाठवले जाण्याचे प्रमाण वांशिक अल्पसंख्य डॉक्टरांमध्ये श्वेतवर्णीयांच्या दुप्पट होते. परदेशात शिक्षण घेतलेल्यांमध्ये ते ब्रिटनमध्ये शिकलेल्यांच्या अडीच पट होते. वेळेवर प्रामाणिक अभिप्राय न मिळणे आणि एकट्याने काम करावे लागणे, ही त्यामागची काही कारणे अहवालाने दिली. आपल्याला न्याय मिळेल, हा विश्वास टिकण्याच्या निर्णयात किती निर्णायक असतो, हे त्यावरून लक्षात येते.

सोबत आणि एकाकीपणा

जीपी दिवसभर माणसांत असतो आणि तरीही एकटा असतो. बंद दाराआड एकामागून एक रुग्ण येतात. शंका विचारायला किंवा मन मोकळे करायला शेजारी कोणी नसते. ही गरज मूळचे हंगेरीचे मनोविश्लेषक मायकेल बालिंट यांनी १९५० च्या दशकात ओळखली. लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये त्यांनी जीपींचे छोटे गट भरवण्यास सुरुवात केली. डॉक्टरांनी आपल्याला अस्वस्थ करणाऱ्या रुग्णांविषयी बोलावे आणि त्या नात्यात आपल्या मनात काय चालते ते तपासावे, अशी त्यामागील कल्पना होती. ‘बालिंट गट’ आज अनेक देशांत चालतात.

दवाखान्यातील चहाची सुटी, जेवणाच्या वेळची अनौपचारिक चर्चा, ज्येष्ठाने कनिष्ठाला दिलेला सल्ला या गोष्टी कुठल्याही अंदाजपत्रकात दिसत नाहीत. वेळ अपुरा पडू लागला की सर्वप्रथम त्याच बंद होतात.

टिकण्याची कारणे वेगळी

सोडून जाण्याची कारणे दूर केली की माणूस आपोआप टिकतो, हे गृहीतक पूर्णपणे बरोबर नाही. असमाधान टाळणाऱ्या आणि समाधान देणाऱ्या गोष्टी वेगवेगळ्या असतात, असे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्येच मांडले होते. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या सिद्धांतानुसार माणसाच्या मनाला तीन गोष्टी लागतात: आपले निर्णय आपण घेण्याची मुभा, आपल्याला काम चांगले जमते ही जाणीव आणि इतरांशी जिव्हाळ्याचे नाते. फॅमिली डॉक्टरच्या कामात तिन्हींना भरपूर वाव आहे. आपण बाळंतपण पाहिलेल्या मुलीचे मूल काही वर्षांनी तपासायला येणे, हा अनुभव अन्य वैद्यकीय शाखांत क्वचितच मिळतो.

टेरेन्स मिचेल आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ‘नोकरीतील रुजलेपण’ ही संकल्पना मांडली. माणूस कामाच्या ठिकाणी आणि त्या गावात किती धाग्यांनी जोडला गेला आहे, त्याचे तिथे किती जुळते आणि निघून गेल्यास त्याला काय गमवावे लागेल, यावर त्याचे टिकणे अवलंबून असते. मुलांची शाळा, जोडीदाराची नोकरी आणि ओळखीचा परिसर यांना त्यात कामाइतकेच स्थान आहे.

येथे रुग्णाचे आणि डॉक्टरचे हित एकत्र येते. केंब्रिज विद्यापीठ आणि इन्सिआड या संस्थांच्या संशोधकांनी इंग्लंडमधील ३८१ दवाखान्यांतील एक कोटीहून अधिक रुग्णभेटींचा अभ्यास केला. नेहमीचा डॉक्टर भेटल्यास रुग्णाची पुढची भेट सरासरी सुमारे १८ टक्के उशिरा होत असल्याचे त्यात दिसले. याचा अर्थ, नाते टिकले तर कामाचा भारही घटतो. उलट एक डॉक्टर गेला की त्याचे रुग्ण अनोळखी डॉक्टरांत विभागले जातात, भेटी वाढतात आणि उरलेल्यांवर ताण येऊन त्यांच्यातीलही कोणी बाहेर पडते. ब्रिटिश संसदेच्या आरोग्य समितीने ऑक्टोबर २०२२ च्या अहवालात हे दुष्टचक्र तोडण्यासाठी डॉक्टरनिहाय रुग्णयाद्या पुन्हा आणण्याची शिफारस केली. समितीचे कामकाज बहुतांश काळ जेरेमी हंट यांच्या अध्यक्षतेखाली चालले होते.

उपायांचा अनुभव

ताणावर उपाय म्हणून डॉक्टरांना ध्यान, योग किंवा ‘लवचिकता’ प्रशिक्षण देण्याकडे संस्थांचा कल असतो. मँचेस्टर विद्यापीठाच्या मारिया पानागिओटी आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये अशा उपाययोजनांच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. केवळ डॉक्टरला बदलू पाहणाऱ्या उपायांपेक्षा कामाचे वेळापत्रक, भार आणि कार्यपद्धती बदलणारे संस्थात्मक उपाय बर्नआउट कमी करण्यात अधिक प्रभावी ठरल्याचे त्यांना आढळले.

ब्रिटनमध्ये काही ठोस पावले उचलली गेली. मानसिक आजार किंवा व्यसनाशी झुंजणाऱ्या डॉक्टरांसाठी डॉ. क्लेअर जेराडा यांच्या नेतृत्वाखाली २००८ मध्ये लंडनमध्ये गोपनीय उपचार सेवा सुरू झाली. जानेवारी २०१७ पासून ती इंग्लंडभरातील जीपींना खुली झाली. सेवा सोडण्याच्या विचारात असलेल्या डॉक्टरांना आठवड्यातून मोजकीच सत्रे काम करण्याची मुभा देणारी योजनाही आहे. दुसरीकडे, नवोदित जीपींना आधार देणाऱ्या फेलोशिप आणि मार्गदर्शक योजनांचा राष्ट्रीय निधी मार्च २०२४ अखेर थांबवण्यात आला.

त्याच वर्षी आणखी एक विसंगती पुढे आली. रुग्ण अपॉइंटमेंटसाठी ताटकळत असताना नव्याने पात्र झालेल्या काही जीपींना नोकऱ्या मिळेनात. दवाखान्यांना अतिरिक्त कर्मचाऱ्यांसाठी मिळणारा राखीव निधी औषधनिर्माते, फिजिओथेरपिस्ट आदींसाठी होता. त्यातून जीपी नेमता येत नव्हते. नव्या सरकारने ऑक्टोबर २०२४ पासून हा नियम बदलला.

भारतासाठी अर्थ

भारतातील परिस्थिती बऱ्याच बाबतीत वेगळी आहे. येथे बहुसंख्य फॅमिली डॉक्टर खासगी व्यवसाय करतात आणि रुग्णाच्या नोंदणीची सक्ती नाही. मात्र मनावरील ताणाची कारणे ओळखीची आहेत. ६७ देशांतील प्राथमिक सेवेविषयी २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात डॉक्टरांच्या भेटीचा सरासरी वेळ बांगलादेशात ४८ सेकंद, स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटे आणि ब्रिटनमध्ये सुमारे नऊ मिनिटे असल्याचे दिसले. भारतात तो सुमारे दोन मिनिटे आढळला.

ग्रामीण भागात डॉक्टर टिकवण्यासाठी अनेक राज्यांचा भर सक्तीवर राहिला आहे. महाराष्ट्रात शासकीय महाविद्यालयांतून एमबीबीएस झालेल्यांना एक वर्षाची बंधपत्रित सेवा द्यावी लागते. अशा सेवेमुळे जागा भरते. वर्ष संपल्यावर डॉक्टर तिथे राहील का, याचे उत्तर मात्र बंधपत्रात नसते. ते छत्तीसगडमध्ये दुर्गम भागांत टिकून राहिलेल्या डॉक्टरांशी बोलून २०१० मध्ये केलेल्या अभ्यासात काही अंशी सापडते. त्या भूभागाविषयीची आपुलकी, सेवाभाव, कामातील रस, सहकाऱ्यांशी चांगले संबंध, जोडीदाराची त्याच ठिकाणी नेमणूक आणि मुलांच्या शिक्षणाची सोय ही त्यांनी सांगितलेली कारणे होती. हे डॉक्टर तिथे रुजले होते, असेच त्यावरून म्हणावे लागेल.

मेळघाटातील बैरागड येथे अनेक दशके रुग्णसेवा करणाऱ्या डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा असे आयुष्य निवडण्यामागील अर्थपूर्णतेची ओढ देशासमोर आली. मात्र अपवादात्मक त्यागावर देशाची प्राथमिक आरोग्यसेवा उभी राहू शकत नाही. सामान्य कुवतीच्या, संसार असलेल्या आणि थकणाऱ्या डॉक्टरलाही राहावेसे वाटेल, अशी व्यवस्था उभारणे हे धोरणाचे काम आहे.

राष्ट्रीय आरोग्य धोरण २०१७ मध्ये कुटुंबवैद्यक शाखेला चालना देण्याचा उल्लेख आहे आणि या शाखेच्या पदव्युत्तर जागा हळूहळू वाढत आहेत. जागा वाढवताना ब्रिटनचा अनुभव ध्यानात ठेवावा लागेल. डॉक्टर तयार करण्यास दहाएक वर्षे लागतात, तर त्याचे मन उठण्यास काही वर्षे पुरतात. रुग्णासाठी पुरेसा वेळ, निर्णयाचा अधिकार, चुकीच्या वेळी न्याय्य वागणूक आणि विचारपूस करणारा सहकारी या चार गोष्टी मिळाल्या, तर डॉक्टर टिकण्याची शक्यता वाढते, असे उपलब्ध संशोधन सांगते.